मदत हवी आहे: लिब्रेएनएमएसचा ग्राफ ११४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, आणि माझ्या पॅचमुळे अपडेटही अडलंय

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकेफोड करून झाली, आता शरण आलोय.

लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आमच्याच लिनक्स सर्व्हरवर आहे, पोलिंग (स्विचकडून आकडे मागवणं) नेहमीचं ५ मिनिटांचं, साधारण ४० स्विच. त्यातल्या एकाच बनावटीच्या १२ स्विचवर ट्रॅफिकचा ग्राफ धादांत खोटं बोलतोय. रात्री बॅकअप चालू असताना १ जीबीपीएसच्या अपलिंकवरून (स्विचला पुढे जोडणाऱ्या मुख्य लाइनीवरून) ६०० एमबीपीएसच्या आसपास डेटा वाहतो, हे मी सर्व्हरवर बसून मोजलंय. ग्राफ त्याच वेळी कधी ३०, कधी ९५ दाखवतो, कधी चक्क रिकामा. मधेमधे दात पडल्यासारख्या फटी. आणि तीन महिने मागे जाऊन पाहिलं तरी सगळ्यात उंच आकडा ११४. कुठलाही पोर्ट घ्या, ११४ च्या वर एकही नाही. बाकीच्या २८ स्विचचे ग्राफ ठणठणीत.

पोलर वेळेत संपतोय, केबल बदलून पाहिली, आरआरडीकॅशडी (ग्राफचे आकडे फाइलीत लिहिणारी सेवा) बंद-चालू करून झालं.

मग कोडमध्ये घुसलो. पोर्टांच्या आरआरडी फाइल (ग्राफचे आकडे यांतच साठतात) जिथे बनतात तिथे डेटासोर्सचा प्रकार 'डिराइव्ह' (दोन नोंदींतल्या फरकावरून वेग काढणारा) आणि किमान मर्यादा ० दिसली. म्हणजे फरक वजा आला की आरआरडीटूल (या फाइल सांभाळणारं साधन) तो अज्ञात धरून टाकून देणार. फटींचं मूळ हेच, असं ठरवून 'डिराइव्ह'चं 'काउंटर' केलं, हाच माझा पॅच. जुन्या स्विचवर शष्प फरक पडला नाही. पण पॅचनंतर त्याच बनावटीचा एक नवा स्विच जोडला, त्याच्यावर फटी गायब! ११४ मात्र तिथेही.

वर आता व्हॅलिडेट (लिब्रेएनएमएसची स्वतःची तपासणी) चालवलं की 'बदललेल्या फाइल आहेत' म्हणून ओरडतं, आणि रोजचं अपडेट होतच नाही. हे सगळं रूटने (सर्वाधिकारी खात्याने) केलं, तेही कबूल करून टाकतो.

पॅच चुकला की अर्धवट राहिला? आणि अपडेट कसं मोकळं करू?

प्रतिसाद १

पोलिंग १ मिनिटावर आणून बघा. आमच्याकडे असंच काहीतरी होतं, त्याने बरंच सुधारलं.

प्रतिसाद २

१ मिनिट केलंत तर ११४ चं ५७२ होईल, रोग तसाच राहील. ११४ हा आकडा कुठून येतो ते बघा.

स्विचमधला ३२ बिटांचा काउंटर (पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा आकडा) ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजून झाले की पुन्हा शून्यावर येतो. त्याला ८ ने गुणा, ३०० सेकंदांनी भागा: ११४.५ एमबीपीएस. ५ मिनिटांच्या दोन नोंदींत ३२ बिटांचा काउंटर याहून मोठा फरक दाखवूच शकत नाही. १ जीबीपीएस भरून वाहत असेल तर तो ३४ सेकंदांत एक फेरी मारतो, म्हणजे दोन पोलमध्ये आठेक फेऱ्या. किती फेऱ्या झाल्या हे कुणालाच कळत नाही, हातात उरते ती फक्त बाकी. तुमचे ३० आणि ९५ म्हणजे ती बाकी.

आता तुमच्या पॅचचं. आरआरडी फाइल एकदा बनली की तिचा प्रकार तिच्या आतच कोरलेला असतो. कोड बदलून जुनी फाइल बदलत नाही, म्हणून जुने स्विच ढिम्म. नव्या स्विचची फाइल 'काउंटर' म्हणून जन्मली. 'काउंटर' प्रकारात आकडा मागे गेला की आरआरडीटूल एक फेरी झाली असं धरून भर घालतं. म्हणून फटी बुजल्या. पण खोटा आकडा बुजवून खरा होत नाही. उलट, मला तुमच्या फटीच प्रामाणिक वाटतात. शिवाय 'काउंटर' ठेवलात तर स्विच रीस्टार्ट होऊन मोजणी शून्यावर आली की त्यालाही तो फेरीच समजेल आणि नसलेलं ट्रॅफिक दाखवेल. 'डिराइव्ह' आणि किमान ० ही जोडी मुद्दाम आहे.

खरा प्रश्न असा, की ६४ बिटांचे एचसी (मोठ्या क्षमतेचे) काउंटर असताना ३२ चे का वाचले जाताहेत? त्या १२ स्विचच्या सेटिंगमध्ये एसएनएमपीची (स्विचकडून आकडे मागायच्या पद्धतीची) आवृत्ती कोणती दिसते?

धागाकर्ता

व्ही१. बाराच्या बारा, आणि नवाही. बाकी सगळे व्ही२सी. हे मी निवडलेलं नाही हो!

प्रतिसाद २

सापडलं. एसएनएमपी व्ही१ मध्ये ६४ बिटांचा काउंटर हा प्रकारच नाही, त्यामुळे एचसी काउंटर मागितले तरी 'असं नाव नाही' एवढंच उत्तर मिळतं. स्विच जोडताना लिब्रेएनएमएस आधी व्ही२सी आणि व्ही३ करून बघतं, दोन्ही फसले तर व्ही१ वर येतं, आणि तेच चालू राहतं. स्विचवर तुमच्या कम्युनिटीला (एसएनएमपीच्या पासवर्डसारख्या शब्दाला) व्ही१ च्याच गटात टाकलेलं असणार. तिथे व्ही२सी चालू करा (जमलं तर थेट व्ही३, व्ही२सी मध्ये कम्युनिटी उघडी जाते), मग हाताने एसएनएमपीगेट करून ६४ बिटांचा आकडा येतो का पाहा, आणि नंतरच सेटिंग बदला. बदलानंतरच्या पहिल्या नोंदीत एखादा सुळका उठला तर घाबरू नका, सुळके काढायची स्क्रिप्ट सोबतच येते.

प्रतिसाद ३

अपडेटचं मी सांगतो, या खड्ड्यात मीही पडलोय. आधी गिट डिफ (मूळ कोडपासूनचा फरक) काढून बदल बाहेर एका फाइलीत ठेवा, टाकायचा असला तरी. मग ऑप्टमधल्या लिब्रेएनएमएसच्या अख्ख्या फोल्डरची मालकी लिब्रेएनएमएस या युजरला परत द्या. रूटने हात लावलेल्या फाइल त्याला लिहिताच येत नाहीत. मग त्याच युजरने स्क्रिप्ट्स फोल्डरमधली गिटहब-रिमूव्ह चालवा, बदल निघून जातील. शेवटी डेली (रोजच्या अपडेटची स्क्रिप्ट), मग व्हॅलिडेट.

पुढे कधी कुणाचा पॅच तपासायचा असेल तर तिथेच गिटहब-अप्लाय आहे. पुल रिक्वेस्टचा (कुणी सुचवलेल्या बदलाचा) नंबर द्यायचा, तपासायचं, काढून टाकायचं. चालू सर्व्हरवर एडिटर उघडायची सवय मात्र सोडा.

नव्या स्विचच्या आरआरडी फाइल आरआरडीटूल ट्यूनने 'डिराइव्ह'वर आणायला विसरू नका. पॅच काढला तरी त्या आपोआप बदलणार नाहीत. त्या वेळी पोलर आणि आरआरडीकॅशडी थांबवा.

धागाकर्ता

झालं! स्विचवर खरंच व्ही१ चाच गट होता, कुणीतरी एकाची सेटिंग बाकीच्यांवर डकवलेली. काल रात्रीच्या बॅकअपला ग्राफ ६१२, एकही फट नाही. अपडेटही झालं, व्हॅलिडेट हिरवं.

जुने तीन महिने दुरुस्त होतील का?

प्रतिसाद २

नाही. फेऱ्यांची मोजणी कधी साठवलीच गेली नाही.

धागाकर्ता

अरे देवा. गेल्या महिन्यात याच ग्राफवरून मी 'अपलिंक जास्तीत जास्त ११ टक्के वापरात' असा अहवाल दिलाय. तो परत मागवायला निघालो.