मदत हवी आहे: मिंट एक्सएफसीईवर एकाच खात्याचं लॉगआउट रेंगाळतं

अभ्यासिका_नागपूर
नमस्कार मंडळी. नंदनवनला आमची अभ्यासिका आहे. तिथल्या पीसीवर लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजीची ऑपरेटिंग सिस्टम) टाकलंय, एमपीएससीची पोरं आपापल्या खात्यातून पाळीपाळीनं बसतात. अडचण एकाच खात्याची. लॉगआउट केलं की लॉगिनचा पडदा येतो, पण त्याच पोरानं लगेच पुन्हा पासवर्ड टाकला तर काळी स्क्रीन. रात्री मशीन बंद करताना ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर यूजर मॅनेजर’ अशी ओळ येते आणि पुढे सेकंद मोजणं सुरू. दीड मिनिट तर हमखास जातं. पोरं कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरतात, मला धास्ती त्याचीच आहे.

एसएसडी आहे, रॅम ८ जीबी. सेशन सेव्ह करणं बंद केलं, फरक शून्य. नवं चाचणी खातं काढलं तर ते झटक्यात बंद होतं. सगळीकडे सांगतात की सिस्टमडीच्या (लिनक्समधले प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये ‘डीफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक’, म्हणजे थांबण्यासाठी द्यायची मुदत, ५ सेकंद करा. करू का?

टर्मिनल_भाऊ
नका करू. चाचणी खातं नीट बंद होतं म्हणजे खोट त्या खात्यात सुरू असलेल्या कशात तरी आहे. सिस्टमडी आधी सिगटर्म हा इशारा पाठवून सर्व्हिसला (मागे चालणाऱ्या प्रोग्रामला) सभ्यपणे थांबायला सांगतं, ९० सेकंद वाट पाहतं (डीफॉल्ट तेवढंच आहे) आणि मग सिगकिल, म्हणजे जबरदस्तीनं बंद. सगळ्यांसाठी ५ केलंत तर खरोखर काही लिहीत असलेली सर्व्हिसही मधेच मरेल.

त्यापेक्षा कोण अडून बसलंय ते बघा. त्या पोराला लॉगआउट करायला लावा, तुम्ही ॲडमिन खात्यातून ‘लॉगिनसीटीएल यूजर-स्टेटस’ आणि पुढे त्याचं यूजरनेम द्या. स्टेट ‘क्लोजिंग’ दिसेल, खाली उरलेल्या प्रोसेस, म्हणजे अजून चालू असलेले प्रोग्राम. लॉगआउटनंतर साधारण १० सेकंद सिस्टमडी मुद्दामच थांबतं, तेवढे सोडून मग बघा.

संत्री_मार्केट
हे मशीन बंद करताना होऊन राहिलं ना? मग दुसऱ्या दिवशी ‘जर्नलसीटीएल’ला ‘-बी -१’ देऊन मागच्या बूटचा लॉग उघडा अन् ‘टाइम्ड आउट’ शोधा. नाव तिथंच सापडते.

अभ्यासिका_नागपूर
दोन्हीकडे एकच नाव: आरक्लोन, ऑनलाइन ड्राइव्ह पीसीला जोडणारा प्रोग्राम. पोरानं नोट्ससाठी गूगल ड्राइव्ह फोल्डरसारखं माउंट करून (जोडून) ठेवलंय, यूजर सर्व्हिस म्हणून. लॉगमध्ये ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. पण ड्राइव्ह काढून टाक म्हटलं तर तो ऐकणार नाही.

टर्मिनल_भाऊ
काढायची गरजच नाही. त्या माउंटमधलं काहीतरी उघडं राहतं, म्हणून अनमाउंट होत नाही आणि आरक्लोन अडून बसतं. त्याच्या खात्यातून ‘सिस्टमसीटीएल --यूजर एडिट’ करा, पुढे सर्व्हिसचं नाव. ‘सर्व्हिस’ विभागात ‘एक्झेकस्टॉप’ला फ्यूजरमाउंटची लेझी अनमाउंटवाली (काही उघडं असलं तरी जोडणी लगेच तोडणारी) कमांड द्या, म्हणजे ‘-यूझेड’ आणि माउंटचा पूर्ण पत्ता. त्याखाली ‘टाइमआउटस्टॉपसेक’ १५ (सेकंद). ही मर्यादा त्या एकट्या सर्व्हिसपुरतीच राहील.

फक्त पोराला सांगा, आरक्लोनची व्हीएफएस कॅशे (फाइल आधी पीसीवरच ठेवणारी सोय) चालू असेल तर फाइल सेव्ह केल्याबरोबर लॉगआउट करू नको. अपलोड मागून होतो, नेट संथ असलं की त्याला वेळ लागतो.

अभ्यासिका_नागपूर
केलं. लगेच पुन्हा लॉगिन होतंय, मशीनही पटकन बंद झालं. कॅशेचं त्याला विचारून इथंच कळवतो.