मदत हवी आहे: युद्धातली पोस्टर्स नववीच्या मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मी इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात वर्गात पहिल्या महायुद्धातली तीन पोस्टर्स दाखवली, आणि एका मुलाच्या प्रश्नावर अडकलोय.

पहिलं १९१४ चं, ब्रिटनचे तेव्हाचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांचं. आपल्याकडे बोट रोखून ते सैन्यात बोलावतायत. हेच साहेब १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होते. मुलांना बाकं बदलून बघायला लावलं. कुठेही बसा, नजर आणि बोट आपल्यावरच! चित्रकार आल्फ्रेड लीटने हात अगदी समोरून काढलाय, त्यामुळे ते बोट कागदातून बाहेर आल्यासारखं वाटतं.

दुसरं १९१५ चं. बाप खुर्चीत बसलाय, मांडीवरची मुलगी विचारतेय, ‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?’ धाकटा खाली खेळण्यातले सैनिक मांडतोय. बाप मात्र मुलीकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. इथे वर्ग एकदम गप्प झाला. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती १९१६ साली आली. तोवर माणूस आपणहून यायला हवा होता. म्हणून युद्ध चालू असतानाच त्याला पुढच्या आयुष्यातली लाज दाखवली. बंदूक नाही, रक्त नाही, फक्त लेकीचा प्रश्न. मला स्वतःला तिन्हींत हेच सगळ्यात जास्त लागतं.

तिसरं अमेरिकेचं. जर्मन शिरस्त्राण घातलेला गोरिला, एका हातात सोटा, दुसऱ्यात बाई. शत्रू माणूसच नाही असं एकदा मनात बसलं की मारताना हात थांबत नाही, असं मी सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा उठला.

“सर, मना भाऊ फौजमा शे. मंग तो बी फसना का?”

आमच्याकडची दहा-बारा पोरं भरतीसाठी रोज पहाटे पारोळा रस्त्यावर १६०० मीटर धावतात. त्यांच्या मनातलं खोटं आहे, असं मला म्हणायचं नाही. पण चित्र भावनेला कसं हात घालतं हे त्यांना दिसायलाही हवं. त्या मुलाचा मान राखून हे कसं सांगू? वर्गात असं काही शिकवलेल्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद (धुळे):
सर, त्यांना हिंदुस्थानातलंही पोस्टर दाखवा. त्याच युद्धातलं एक उर्दू पोस्टर विचारतं, हा पैसा, बंदूक आणि वर्दी कोण घेणार? जो फौजेत भरती होईल तो. तिकडे कर्तव्य आणि लाज, इकडे पगार. एकच सरकार, एकच युद्ध. समोरचा माणूस कोण हे बघून चित्र बदललं. मग पोरांना विचारा, चित्रात काय नाही? जखमी जवान नाही, वाट बघणारी आई नाही. फसला की नाही हे तुम्ही ठरवू नका. तो का गेला, हे त्या भावालाच विचारू द्या.

धागाकर्ता:
मनापासून आभार. भाऊ आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुट्टीवर येणार आहे, आजच त्याच्या घरी जाऊन बोललो. आई म्हणाली, वर्गात येईल तो, पण तिलाही यायचंय. तेव्हा दोघांनाही बोलावतोय. उर्दू पोस्टरची स्पष्ट प्रत कुणाकडे असेल तर कळवा, मुलांना मोठी छापून द्यायची आहे.