‘आई’ची ‘जन्मदात्री’ कशासाठी?

जुना वाचक : एका परिच्छेदात तोच शब्द दुसऱ्यांदा आला तर तो खोडून समानार्थी शब्द घालावा, नाहीतर लेखकाचा शब्दसंग्रह तोकडा ठरतो, असा सल्ला काल येथे एका सदस्याने दिला. मुळात हा सल्ला मी सातवीत भोगलेला आहे. ‘माझी आई’ या निबंधात मी प्रत्येक वाक्य ‘आई’ने सुरू केले होते. गुरुजींनी लाल शाईने दुसऱ्या आईची ‘माता’, तिसरीची ‘जननी’ आणि चौथीची ‘जन्मदात्री’ केली, आणि भाकरी थापणारी माझी आई एका पानात चार बायकांत वाटली गेली.

मुळात पुनरुक्ती हा सरसकट दोष नाही. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील आरंभीच्या ओळी पाहा : ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले’. ‘विना’ पाच वेळा येतो, ‘गेली-गेले’ चार वेळा, आणि पाचव्यांदाही तेच ऐकू येणार म्हणून कान तयार असताना क्रियापद ‘खचले’ होते. घाव तिथे बसतो, आणि मुळात आधी चार वेळा ‘गेले’ ऐकले नसते तर तो बसलाच नसता.

मुद्रितशोधक : सल्ला माझाच आहे आणि तो पंचवीस वर्षे मुद्रिते तपासून दिलेला आहे. त्या ओळींतली कारणमाला मलाही कळते. परंतु फुल्यांच्या आडून आपला आळस झाकणे बरे नव्हे. माझ्या टेबलावर ‘सदर इसमाने सदर ठिकाणी सदर रक्कम’ असा मजकूर येतो, त्याला कोणता अलंकार म्हणावे? शिवाय 1883 सालच्या त्या ग्रंथातला मजकूर फुल्यांनी जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, वाचणाऱ्याला येते, एवढा भेद तरी मान्य करावा.

स्पष्टवक्ता : विषय निघालाच आहे तर ‘पिवळा पीतांबर’ आणि ‘गाईचे गोमूत्र’ यांचाही बंदोबस्त व्हावा. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातील निवेदक दर पाच मिनिटांनी ‘पुन्हा परत एकदा’ म्हणतात आणि कोणीही त्यांना अडवत नाही.

जुना वाचक : ती अर्थाची पुनरुक्ती झाली. तिथे शब्द वेगवेगळेच आहेत, म्हणजे आपल्या मुद्रितशोधकांच्या नियमात ती सुखाने बसते!

कोकणी माणूस : पीतांबराला उगाच दोष देऊ नका. आमच्या घरी देवपूजेचे दोन पीतांबर होते, एक जांभळा आणि एक पिवळा, आणि आजोबा ‘पिवळा पीतांबर दे’ असेच म्हणत. त्यांचे संस्कृत आपणा सर्वांपेक्षा चांगले होते.

स्पष्टवक्ता : जांभळ्या वस्त्राला पीतांबर म्हणणारे संस्कृत आपल्याच घरी राहू द्यावे.

कोकणी माणूस : आजोबांपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. रेशमी सोवळ्याला, मग ते कोणत्याही रंगाचे असो, पीतांबर म्हणतात, हे आपल्या सोसायटीत माहीत नसेल तर तो माझा दोष नाही.

श्रावणी : पीतांबर आता घडी करून ठेवावेत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, तरी श्रावणात ती कहाण्यांचे छापील पुस्तक समोर धरून ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ असे म्हणत असे आणि पान बरोबर त्या वेळी उलटत असे. मुद्रितशोधकांनी यातले दोन ‘नाही’ काढून पाहावेत : ‘उतणार, मातणार वा घेतला वसा टाकणार नाही’. हा वसा राहिला नाही, पाणीपट्टीच्या थकबाकीदाराने लिहून दिलेले हमीपत्र झाले.

मुद्रितशोधक : हमीपत्राचे मान्य. कहाणीला मी हात लावणार नाही आणि ‘आई’ची ‘जन्मदात्री’ करणाऱ्या गुरुजींचे समर्थनही करणार नाही. मात्र धागाकर्त्यांच्या पहिल्या मजकुरात ‘मुळात’ हा शब्द तीन वेळा आला आहे, आणि तिन्ही ठिकाणी घाव कुठे बसला ते मला सापडले नाही.

जुना वाचक : मोजून पाहिले, तीन आहेत. दोन काढतो. ‘पुनरुक्ती’च्या आधीचा राहील.