ग्रुप: रॉकी पॉइंट ४ जुलै (फायनल) (नवीन)

मंगळवार, ३० जून २०२०

शिल्पा: सगळ्यांना नमस्कार. कालची बातमी बघितलीत ना? कोरोना वाढला म्हणून आपल्या ॲरिझोनाच्या गव्हर्नर डुसीने बार, जिम, थिएटरं, वॉटर पार्क सगळं परत महिनाभर बंद केलंय. आणि आपण सहा फॅमिल्या शनिवारी मेक्सिकोत रॉकी पॉइंटच्या बीचवर निघालोय. हे फक्त मलाच विचित्र वाटतंय का?

मंदार: वॉटर पार्क बंद केलंय. समुद्र नाही 😄

शिल्पा: मंदार, मी गंमत करत नाहीये.

मंदार: मीपण नाही. दोन कॉन्डो, आपलं जेवण आपण न्यायचं, आपल्या खुर्च्या आपण. मुलं मार्चपासून घरात कोंडली आहेत आणि बाहेर ११० डिग्री फॅरनहाइट. लॉस एंजेलिस काउंटीने ३ तारखेपासून ६ च्या सकाळपर्यंत बीच बंद केलेत. राहिलं काय? रॉकी पॉइंट. चार तास.

निखिल: चार तासही नाही. गिला बेंड, आहो, व्हाय, ल्यूकव्हिल, पार.

निखिल: जगातला एकमेव रस्ता जो बायकोसारखा बोलतो. आधी "आहो", मग "व्हाय".

वर्षाताई: निखिल 😂 मेघना आहे हं ग्रुपवर.

मेघना: आहे. वाचतेय.

निखिल: आहो म्हणजे स्पॅनिशमध्ये लसूण. एवढंच सांगायचं होतं 🙏

प्रसाद: मी ११ मे रोजी २१० डॉलर पाठवले आहेत. हिशोब ग्रुपवर टाकावा.

शिल्पा: मुद्द्यावर येऊ का? जमिनीवरची सीमा २१ मार्चपासून अनावश्यक प्रवासाला बंद आहे. दर महिन्याला मुदत वाढवतात, आता २१ जुलैपर्यंत आहे. बीचवर जाणं कुठल्या हिशोबाने आवश्यक?

मंदार: ते इकडे येणाऱ्यांसाठी. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना परत येताना कोणी अडवू शकत नाही. जाताना तर तिकडचे लोक नुसता हात करतात, "जा" म्हणून.

शिल्पा: सिटिझन तुम्ही आणि निखिल. आम्ही एच-वन वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत. सचिनचा पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प फेब्रुवारीत संपला. नवीन घ्यायला भारतात जावं तर कॉन्सुलेट मार्चपासून बंद, आणि नवीन एच-वन व्हिसा थांबवणारा २२ जूनचा ट्रंपचा आदेश तुम्हाला माहीत आहेच.

मंदार: तो आदेश २४ तारखेला बाहेर असलेल्यांसाठी आहे. तुम्ही इथेच होतात. आणि मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत असाल तर जुन्या स्टॅम्पवर आय-९४ (इथे राहायच्या मुदतीची नोंद) दाखवून परत येता येतं. आम्ही २०११ ला असंच केलं होतं.

शिल्पा: ते अमेरिकेत परत येण्यापुरतं. मेक्सिकोत शिरायला भारतीय पासपोर्टवाल्याला चालू स्टॅम्प नाहीतर ग्रीन कार्ड लागतं, नाहीतर त्यांचा व्हिसा. आणि २०११ ला सीमा बंद नव्हती.

निखिल: तिकडे कोणी विचारत नाही, वहिनी.

शिल्पा: विचारत नाहीत, हे विचारेपर्यंतच खरं असतं.

जोशीकाका: आमचा विचार करू नये. आम्ही घरी बसू. मुलांनी मजा करावी.

निखिल: काका, उलट तुम्ही चलाच! आय-९४ १८ जुलैला संपतोय ना? बॉर्डर ओलांडून आलात की नवीन सहा महिने!

शिल्पा: निखिल, प्लीज. ३० दिवसांच्या आत परत आलं की जुनीच तारीख चालू राहते. शिवाय व्हिजिटर व्हिसावर फिरायला गेलेल्यांना जमिनीवरून परत घेतच नाहीयेत सध्या. काका सीमेपलीकडच्या सोनोइटात अडकले तर अनघा काय करेल? काका, तुमचा मुदतवाढीचा फॉर्म भरलाय ना?

जोशीकाका: आय-५३९ भरला आहे. पावती आली. भारतीयांना परत नेणाऱ्या वंदे भारतच्या विमानाला नाव नोंदवून महिना झाला, फोन नाही.

प्रसाद: २१० डॉलर, ११ मे. कोणी पाहत आहे का?

बुधवार, १ जुलै

जोशीकाका: आषाढी एकादशीच्या सर्वांना शुभेच्छा 🙏 काल माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. एका पालखीबरोबर वीसच माणसं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

वर्षाताई: राम कृष्ण हरी. फोटो बघून रडू आलं काका. फुलांनी सजवलेली लाल एसटी.

मेघना: आमची खिचडी 👇 साबुदाणा जरा जास्त भिजला.

वर्षाताई: गचका झालेला दिसतोय 😄 दाण्याचं कूट आधी चोळायचं आणि झाकण ठेवायचं नाही.

निखिल: ताई, झाकण मी ठेवलं. निषेध स्वीकारतो.

शिल्पा: वारी एसटीने जाऊ शकते, आणि आपल्याला वाळू सोडवत नाही.

मंदार: टोमणा कळला. शिल्पा, तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. पण सगळ्यांचा मूड का घालवताय? मे महिन्यात सगळ्यांनी हो म्हटलं होतं. मी एकट्याने मालकाशी बोललो, दोन्ही गाड्यांचा मेक्सिकन इन्शुरन्स घेतला (आपला तिकडे चालत नाही, कोणाला तरी आठवलं का?), भरती-ओहोटीचं टेबल काढलं.

निखिल: टेबलावरून आठवलं. गणपतीचं फोल्डिंग टेबल अजून मंदारच्या गॅरेजमध्ये आहे.

मंदार: हा विषय आत्ता?

वर्षाताई: आत्ताच असं नाही, पण आहे खरं. मंडळाचं आहे ते.

मंदार: गेल्या वर्षी उत्तरपूजेनंतर टेबल न्यायला कोणी थांबलं नव्हतं. सगळे प्रसादाचे डबे भरून गेले.

वर्षाताई: हा मेसेज डिलीट केला आहे

सचिन: मंदारदादा, गैरसमज नको. ती मूड घालवत नाहीये. माझी नोकरी स्टॅम्पवर नाही पण परत येण्यावर आहे.

प्रसाद: परत येण्यावरून आठवले, २१० डॉलर.

गुरुवार, २ जुलै

डॉ. अनघा: नाइट करून आत्ता आलेय, सगळं वाचलं नाही. राज्यात आयसीयूचे बेड नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेत. रॉकी पॉइंट छोटं गाव आहे. तिथे कोणी आजारी पडलं तर त्याला इकडेच आणायचं, आणि आमच्याकडे खाट शोधायला फोनवर फोन चाललेत. शिवाय आजार आपणच घेऊन जाऊ. सध्या ॲरिझोनातून सोनोरात, म्हणजे सीमेपलीकडच्या मेक्सिकन राज्यात जातोय, तिकडून इकडे नाही. झोपते.

वर्षाताई: झोप गं बाई. नाकावरचा मास्कचा वळ गेला का?

मंदार: अनघाताई, तुमचा आदर आहे. पण तिकडचे दुकानदार, हॉटेलवाले आपल्यावर जगतात. चार महिने धंदा नाही त्यांना. मलेकोनवरचा (तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावरचा) कोळंबीवाला गेल्या वेळी मुलांना नावाने हाक मारत होता.

जोशीकाका: मंदार, एक सांगू का. मार्चमध्ये आमच्या दिवेआगरला रस्त्यावर ओंडके टाकले होते, मुंबईकर येऊ नयेत म्हणून. माझा सख्खा भाऊ लालबागहून गेला, त्याला चौदा दिवस शाळेत ठेवला. वर्गात, बाकं जोडून. तेव्हा मीच फोनवर म्हणालो, गावाचं बरोबर आहे. भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. ३ जूनच्या वादळात घराची कौलं गेली, सुपारीची बाग आडवी झाली, तेव्हाही त्याने मला सांगितलं नाही, शेजाऱ्याकडून कळलं.

निखिल: काका 😔

वर्षाताई: फोन करा काका तुम्हीच. आज करा.

जोशीकाका: तिकडे रात्र आहे आत्ता.

शिल्पा: संध्याकाळची बातमी: सोनोराच्या गव्हर्नर बाईंनी ४ जुलैच्या वीकेंडला सीमेवर तपासणी नाके लावायचं जाहीर केलंय. आम्ही येत नाही. फायनल.

वर्षाताई: आम्ही पण नाही रे मंदार. ह्यांचं बीपी आहे.

डॉ. अनघा: आमचा प्रश्नच नव्हता.

प्रसाद: आम्हीही नाही. त्यामुळे २१० डॉलरचा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा.

मंदार: ठीक. निखिल?

निखिल: मी गाडीत बर्फ भरला की कळवतो.

मेघना: अजून ठरलेलं नाहीये.

शनिवार, ४ जुलै

निखिल: पहाटे ४ ला निघालो. मेघना गाडीत आहे, माझ्याशी बोलत नाही. आहो मागे पडलं.

वर्षाताई: हॅपी फोर्थ! सांभाळून जा रे.

निखिल: व्हाय. पेट्रोल भरतोय. मेघना आत्ता तोच प्रश्न विचारतेय.

मंदार: ल्यूकव्हिल पार. कोणी विचारलं नाही. शिल्पा 😎

मंदार: थांबा

निखिल: सोनोइटात गावकऱ्यांनी रस्त्यात गाड्या आडव्या लावल्यात. पेन्यास्कोच्या, म्हणजे रॉकी पॉइंटच्या रस्त्यावरच.

वर्षाताई: अगं बाई. भांडण वगैरे?

निखिल: नाही हो, अजिबात. एक आजी आहेत, तोंडाला फडकं बांधून खुर्ची टाकून बसल्यात डांबरावर. एक पोरगा प्रत्येक गाडीपाशी येऊन इंग्लिशमध्ये सांगतोय, तुमची कसलीच तपासणी नाही, आमच्याकडे एवढे डॉक्टर नाहीत, प्लीज परत जा. प्लीज म्हणतोय. पुढच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तर आजींनी खुर्ची आणखी मधे सरकवली.

शिल्पा: मुलं ठीक आहेत ना? पाणी आहे ना गाडीत?

निखिल: आहे. चिकनचं मॅरिनेशन कूलरमध्ये सांडलं, गाडीभर आलं-लसूण.

मेघना: लसूण म्हणजे आहो. विनोद निखिलचा, पुसतेय मी.

सचिन: सोनोइटाच्या महापौरांनी निवेदन काढलंय, अमेरिकन पर्यटकांना मेक्सिकोत न येण्याचं "निमंत्रण" देतोय म्हणून. शब्द असाच आहे.

जोशीकाका: मंदार, खुर्चीवाल्या आजींना माझा नमस्कार सांग.

मंदार: काका, मला स्पॅनिश येत नाही.

मंदार: यू-टर्न मारला. ल्यूकव्हिलला परत यायला रांग आहे. पुढचे शंभर किलोमीटर राहिले.

निखिल: ऑर्गन पाइपच्या निवडुंग उद्यानात निवडुंगाखाली बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खातोय. सावली एकाच माणसाची आहे, नंबर लावलेत.

वर्षाताई: फोटो टाक. आणि संध्याकाळी आमच्या अंगणात या, लांब लांब खुर्च्या टाकते. मुलांना स्प्रिंकलर लावते.

मंदार: येतो ताई. टेबल घेऊन येतो.

वर्षाताई: 🙏

जोशीकाका: भावाला फोन लागला. दोन मिनिटं बोलला. छपरावर ताडपत्री टाकली आहे म्हणाला.

मंदार: कॉन्डोच्या मालकाशी बोललो. पैसे परत देत नाही, ऑक्टोबरची तारीख देतोय.

प्रसाद: ऑक्टोबरपर्यंत माझे २१० कोणाकडे राहणार?