पहिली जुनी मोटरसायकल कुठली घ्यावी?

बी-४०२: काका, सल्ला हवाय. जुनी मोटरसायकल घेऊन स्वतःच्या हाताने उभी करायची फार इच्छा आहे. एक होंडा सीबी७५० बघितलीये. मालक म्हणतो इंजिन चालू आहे, बाकी थोडं काम आहे. खर्च आवाक्यात राहील का?

ए-१०१: सीबी७५० माझ्याही जिव्हाळ्याची. १९६९ साली चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक आणि बटण स्टार्ट, सगळं एकाच गाडीत! पण पहिल्यांदा हात घालतोयस तर ती घेऊ नकोस. चार सिलिंडर म्हणजे चार कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे), चार पिस्टन, मूळ मॉडेलला सायलेन्सरही चार. प्रत्येक काम चारदा आणि पैसेही चारदा.

बी-४०२: मग कुठली?

ए-१०१: एक सिलिंडरवाली. यामाहा एसआर५०० बघ, १९७८ ची. एकच कार्ब्युरेटर, हवेवर थंड होणारं इंजिन, फक्त किक. इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, छोटी काचेची खिडकी आहे. त्यात खूण दिसली की पिस्टन जागेवर आला, मग किक मारायची. इंजिन आत काय करतंय ते शिकायला याहून चांगली गाडी नाही. दोन सिलिंडर हवेच असतील तर जुनी होंडा सीबी३५०. भरपूर बनली, त्यामुळे सुटे भाग अजून सापडतात.

सी-२०५: काका, टू-स्ट्रोक का नको? व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. हेड-सिलिंडर एका दुपारी उतरतं.

ए-१०१: ताई, वरच्या कामाचं बरोबर आहे. पण गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर क्रँकचे सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या, कडक झालेले असतात. तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून जाम होतो. सील बदलायला बहुतेक गाड्यांचं इंजिन पूर्ण उघडावं लागतं. ते काम धरूनच टू-स्ट्रोक घ्यावी.

बी-४०२: एक राहिलं. त्या होंडाला साइड पॅनेल आणि मीटर नाहीत. मालक म्हणतो, मिळतील.

ए-१०१: मग ती सोडच. झिजलेला भाग परवडतो, नसलेला परवडत नाही. पिस्टन झिजला तर सिलिंडर आतून किंचित मोठा कापून (बोअर करून) पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. मीटर, टाकीचं झाकण, पॅनेलवरचा बिल्ला कुठून आणणार? माझ्या पहिल्या गाडीला हेडलाइटची रिंग नव्हती, मला ते किरकोळ वाटलं. इंजिन दोन महिन्यांत सुरू झालं, रिंग मिळायला दीड वर्ष गेलं. बंद असली तरी चालेल, गाडी पूर्ण हवी.

डी-६०१: लिहीत राहा काका, मलाही उपयोगी पडतंय.

बी-४०२: बंद गाडी तपासायची कशी?

ए-१०१: टाकीत टॉर्च मार. वार्निशसारखा वास आला तर पेट्रोल आटलंय, कार्ब्युरेटरची बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजलेत. ते साफ होतं. आत बोट फिरव. गंजाची पूड लागली तर हरकत नाही, पापुद्रे निघाले तर पत्रा गेला. मग स्पार्क प्लग काढ, टॉप गिअर टाक आणि मागचं चाक हाताने फिरव. इंजिन फिरलं तर पिस्टन मोकळा आहे. क्रोमवर मात्र नीट नजर टाक. रिम, मडगार्ड, सायलेन्सरला खड्डे पडले असतील तर पॉलिशने जात नाहीत, आणि पुन्हा क्रोम करणं महागात पडतं.

सी-२०५: चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी जुळवूनच पैसे दे.

ए-१०१: अगदी. ताईंचं ऐक. आणि जपानी गाडीच्या स्क्रूंचा क्रॉस वेगळा असतो, जेआयएस म्हणजे जपानी मानकाचा. साधा फिलिप्स ड्रायव्हर घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. योग्य ड्रायव्हर आधी घे.

बी-४०२: एक एसआर सापडलीये, पूर्ण आहे, चालू आहे म्हणतात! रविवारी बघायला येता का?

ए-१०१: येतो. टॉर्च आणि प्लग पाना माझ्याकडे आहे. मालकाला आजच कळव, आम्ही येण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका. पहिली किक थंड इंजिनवर मारायची आहे, तेव्हाच गाडीची खरी हालत कळते.