आधी पायरोमीटर, मग रिमॅप
रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केला की वजन ओढायला गाडी हलकी वाटते, असं इथे एकाने लिहिलंय; ते खरंच, पण सपाट रस्त्यावर. आमच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात एक जुना कॉमन रेलवाला (डिझेलची फवारणी कॉम्प्युटर ठरवतो तो) डिझेल पिकअप आहे, मागे जनरेटरची ट्रॉली. कुर्ल्यात एकाने लॅपटॉप लावून तासाभरात डिझेल वाढवून दिलं. ठाणे-भिवंडीपर्यंत मजा. कसारा घाटात आरशात बघतो तर काळाकुट्ट धूर, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून बेजार. वर पोचून बॉनेट उघडलं तर टर्बोचं (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) हाऊसिंग मंद लाल. रात्र होती म्हणून दिसलं तरी!

पेट्रोल इंजिनात मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं की ते जास्त तापतं, डिझेलचं उलटं. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की एक्झॉस्ट तापतो, आणि लांब चढावर त्याला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि आमचे पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूचे. डॅशवरचा पाण्याचा काटा मात्र मधेच निवांत, त्याच्यावर विसंबू नका. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळ्यांत) पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर, बसवून घ्या. आमच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, पायरोमीटरचा काटा ७०० अंश सेल्सिअसकडे (हे एक्झॉस्टचं तापमान, पिस्टनचं नव्हे) सरकला की पाय उचल, गिअर खाली टाक. नंतर मॅपही (ती वाढवलेल्या डिझेलची सेटिंग) थोडा उतरवून घेतला. क्लच प्लेट तोवर गेलीच होती, तो खर्च वेगळा. आणि ब्रेक? ते मूळचेच, उतारावर तेवढंच वजन थोपवणारे.