आवाज वाढवला की बेस का पडतो
गाडीत सबवूफर (खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवायचा तर मागच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेऊन अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) हाय-लेव्हल इनपुटला, म्हणजे स्पीकरच्या वायरी थेट घेणाऱ्या इनपुटला द्या, स्टिरिओ बदलायची गरज नाही, असं सांगतात ते पटलं. पण गाडीसोबत येणाऱ्या बऱ्याच कंपनी-स्टिरिओंमध्ये आवाज चढवत नेला की बेस आपोआप कापला जातो, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. मग हळू आवाजात सबवूफर मस्त घुमतो, मोठ्या आवाजात कोरडा पडतो आणि लोक सबलाच नावं ठेवतात. नुसता अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) वाढवून हे सुटत नाही, हळू आवाजातला बेस मात्र अंगावर येतो. कापलेला बेस भरून काढणारा प्रोसेसर स्टिरिओ आणि अ‍ॅम्पच्या मध्ये घालावा लागतो.

आणि कृपा करून अ‍ॅम्पवरच्या फ्यूजवर विसंबू नका! बॅटरीकडून अ‍ॅम्पला जाणाऱ्या वायरीवर, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत वेगळा फ्यूज हवाच. इंजिनमागच्या पत्र्यातून जाताना वायरीचं आवरण घासलं, तर शॉर्ट तिथेच होतो, आणि अ‍ॅम्पवरचा फ्यूज वायरीच्या दुसऱ्या टोकाला असल्याने तो काही थांबवू शकत नाही.